मोटारीच्या तोंडचा आवाज

आवाज पहिल्यांदा कधी ऐकला ते मला नक्की सांगता यायचं नाही. होळी होऊन गेली होती आणि ऊन तापायला लागलं होतं, एवढं आठवतं. सोलापूर-बार्शी रस्त्यावर आमची सर्व्हिस मोटार चालायची. आमची म्हणजे मालकांची. मालक शुक्रवार पेठेतले सुताचे व्यापारी. मोटार चालवायचा माझा थोरला भाऊ. तिकिटं फाडणं, उतारू गोळा करणं, बोचकी टपावर चढवणं हे माझं काम. मी बी. ए. होतो. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला पोरगा पुण्याला कॉलेजात राहून पदवी घेऊन आला, मंदीच्या त्या दिवसांत कचेऱ्यांतून हेलपाटे घालून दमला, आणि शेवटी मोटारीच्या पायरीवर उभा राहून ‘वैराग, बार्शी, चला बार्शी’ असं ओरडू लागला. त्याची मला लाज वाटत नव्हती. कंटाळा मात्र यायचा, आणि तो संध्याकाळी अंग धुतल्यानंही जायचा नाही.

आवाज मोटारीच्या तोंडाकडून यायचा. इंजिनाचा नव्हे, इंजिनाची घरघर आम्हाला अंगवळणी पडली होती. हा तिच्यावरून उठून यायचा. रस्त्याला खड्डा लागला की दोनदा-तीनदा वाजायचा, मग गप्प. सपाट रस्त्यावरसुद्धा मधूनच, आपल्याला काही सांगायचं राहून गेलं असावं तसा, एकदम सुरू व्हायचा. आरंभी आम्ही लक्ष दिलं नाही. लाकडी बाकं, कापडी पडदे आणि टपावर डबे-घागरी असलेल्या मोटारीत एक आवाज जास्त झाला म्हणून कोण बघतो?

पण एका दिवशी मालक स्वतः बार्शीला निघाले. पुढच्या बाकावर बसले आणि परतीच्या वाटेवर आवाज सुरू झाला तसे कान देऊन ऐकत राहिले. परतल्यावर सोलापूरच्या स्टँडवर खाली उतरले, मोटारीच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मोटार नवीकोरी. दसऱ्याला रस्त्यावर आणलीय. एवढ्यात तिचं तोंड खिळखिळं होतंय? कुठंतरी ठोकलीस तू. बैलगाडीला नाहीतर झाडाला. आणि बाहेरच्या बाहेर सरळ करून आणलीस.”

“न्हाय जी मालक,” भाऊ म्हणाला, “कुटंबी लागली न्हाय.”

“मग हे खडखडतंय काय? मोटार खोटं बोलतीय आणि तू खरं?”

स्टँडवर दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हर होते, हमाल होते, चहाच्या दुकानापुढं बसलेले उतारू होते. सगळे वळून बघायला लागले. मालकांनी मग आवाज खाली आणून सांगितलं, की त्यांच्या साडूच्या ओळखीचा एक ड्रायव्हर पुण्याला रिकामा बसलाय. अक्षय तृतीयेपर्यंत हा आवाज गेला तर ठीक, नाहीतर तो येईल.

नोकरी जाणं एक वेळ परवडलं असतं. भाऊ परत मेंढरांत गेला असता. पण ठोकून लपवणारा ड्रायव्हर म्हणून एकदा नाव झालं, की सोलापुरात त्याच्या हाती कुणी चाक देत नव्हतं. भाऊ आधी मोटारी धुवायचा, मग क्लीनर झाला, मग मोठ्या मिनतवारीनं त्यानं लायसन मिळवलं. आमच्या घरात मी बी. ए. झालो याचं जेवढं कौतुक होतं तेवढंच तो ड्रायव्हर झाला याचं होतं. खरं सांगायचं तर वस्तीवर त्याचंच जास्त होतं. माझी पदवी कुणाला दिसत नव्हती, त्याची मोटार दिसत होती.

मग शोध सुरू झाला. गिरणीच्या मागल्या अंगाला एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. पिकलेल्या दाढीचा, बोलका माणूस, पण कान जरा जड. त्यानं मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, “मडगार्ड है जी. पत्रा नाचता.” मडगार्डांचे सगळे नट आवळले, मध्ये चामड्याच्या चकत्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली ती अगदी शहाण्यासारखी. भावानं माझ्याकडं वळून बघितलं आणि हसला. बार्शीपर्यंत आवाज नाही. बार्शीहून दुपारी परत निघालो आणि वेशीबाहेर पडतो न पडतो तोच हा हजर.

पुढं हेच होत राहिलं. इंजिनावरच्या झाकणाच्या कड्या बदलल्या. सकाळी गप्प, दुपारी आवाज. पुढच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे सोडवून, घासून, ग्रीस भरून बसवले. सकाळी गप्प, दुपारी आवाज. मिस्त्रीनं पुढच्या चाकांच्या खिळी ठोकून बाहेर काढल्या, नव्या पितळी बुशी घातल्या. त्या दिवशी तर तो म्हणाला, “अब आवाज आया तो मैं दाढी निकालके देता जी!” दुपारी आवाज आला. आम्ही मोटार घेऊन शेडपाशी गेलो तेव्हा तो आम्हाला बघून आत जाऊन बसला.

“बीएसाब,” तो आतून म्हणाला, “तुम नक्को आओ जी आज. मैं थक गया.”

थकलो तर आम्हीही होतो. दिवसभर रस्ता, आणि संध्याकाळी मोटारीखाली गोणपाट टाकून उताणं पडायचं. डोळ्यांत माती, केसांत ग्रीस. एके दिवशी मी उलटा उद्योग केला. मडगार्डावर पालथा पडलो, कान इंजिनाच्या झाकणाला लावला आणि भावाला दुपारच्या उन्हात रिकामी मोटार हाकायला सांगितली. कान भाजला. आवाज कधी उजवीकडून वाटे, कधी डावीकडून, कधी दोन्हीकडून एकदम. समोरून दुसऱ्या कंपनीची मोटार आली. तिचा क्लीनर मला बघून पायरीवर नाचायला लागला.

“काय वो बीए! मोटारीची नाडी बघताय व्हय?”

त्यांच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून भर घातली, “भांडीवाल्याची वरात आली, बाजूला व्हा रं!”

भावानं नुसती मोटार पुढं काढली. एरवी असल्या बोलण्याला तो दुप्पट परत करायचा. त्या दिवसांत तो बोलेनासाच झाला होता. वैरागच्या अलीकडं एका लिंबाखाली आम्ही मोटारीला पाणी पाजायला थांबायचो. तिथं एकदा बादली खाली ठेवून तो म्हणाला, “बाळा, येक इचारू? म्या खरंच कुटं ठोकली आसंल का रं?”

“म्हणजे?”

“म्हंजी डोळा लागला आसंल. दुपारी लई जड होत्यात डोळं. लागला आसंल डोळा, धक्का बसला आसंल, आन मला ध्यान न्हाय.”

“मी मागं होतो ना दादा. मला कळलं नसतं? मोटारभर माणसं होती.”

“व्हय,” तो म्हणाला. पण पटलेलं दिसलं नाही. माणसाला दोन आठवडे रोज चोर म्हणत राहिलं तर तो स्वतःचेच खिसे चाचपायला लागतो, ते मी त्या झाडाखाली पाहिलं. त्याचा मला आवाजापेक्षा जास्त त्रास झाला.

अक्षय तृतीया तोंडावर आली. बार्शीहून परतताना त्या दुपारी एक बाई चढली. माहेरपण संपवून सासरी निघालेली, कडेवर तान्हं मूल. ते मूल बार्शीच्या स्टँडपासून जे रडायला लागलं ते थांबेना. बाईनं त्याला पाजलं, थोपटलं, पदराखाली घेतलं, मांड्यांवर आडवं केलं. उतारू वैतागले. एक म्हातारा म्हणाला, “मुंगी चावलीया का बघा की वो!” ती रडकुंडीला आली. तेवढ्यात ऊन चढून आमचा नेहमीचा आवाज सुरू झाला, आणि मूल गप्प झालं.

लिंबाखाली मोटार थांबली तसं ते परत भोकाड पसरून रडायला लागलं. बाईनं भावाला हाक मारली, “दादा, हाणा की लवकर मोटार. थांबली की रडतंय. त्याला खुळखुळा वाटतोय त्यो.”

मोटारभर हशा पिकला. भाऊसुद्धा पुष्कळ दिवसांनी हसला. मी बादली हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

खुळखुळा. मालक म्हणाले होते खडखड. मिस्त्री म्हणायचा ‘खटखट करता’. आम्ही दोघं भाऊ नुसतंच ‘आवाज’ म्हणायचो. मालकांनी खडखड म्हटलं म्हणून आम्ही सगळ्यांनी सैल झालेलं काहीतरी शोधलं आणि नट आवळत सुटलो. पण मराठीत हे शब्द कुणी उगीच वेगवेगळे केलेले नाहीत. दोन सुटे पत्रे एकमेकांवर आपटले की खडखड होते. खुळखुळ व्हायला बंद पोकळी लागते, आणि तिच्या पोटात हलणारं काहीतरी. ते बाहेरून कितीही आवळा, आतलं हलायचं थांबत नाही. कॉलेजात तीन वर्षं शब्दांचा कीस पाडायला शिकलो होतो. त्याचा मोटारीखाली उपयोग झाला हे सांगताना मी संकोच करणार नाही. शब्द त्या बाईचा होता, पुढचं मी माझ्या डोक्यानं काढलं.

मोटारीच्या तोंडाशी पोकळ काय काय होतं? दोन दिवे. ते मी तिथंच काचा काढून बघितले. बल्ब आणि धूळ, बाकी काही नाही. रेडिएटर पाण्यानं भरलेला. आणि दोन्ही दिव्यांना जोडणारी, रेडिएटरच्या पुढून आडवी गेलेली निकलची नळी. ती इतकी समोर होती की तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. मी रोज फडक्यानं पुसायचो, एवढंच. मी तिला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

सोलापुरात उतारू उतरवून आम्ही मिस्त्रीकडं गेलो. “फिर?” म्हणून तो कपाळाला हात लावून बसला.

“ही नळी सोडवा.”

“उस में क्या रहता जी? पाइप है वो. उस में हवा रहती.”

“तर हवा बाहेर काढू.”

कुरकुरत त्यानं उजव्या दिव्याखालचा बोल्ट काढला, मग डाव्या. नळी हातात घेऊन त्यानं तिरपी केली. काही नाही. मी ती घेतली आणि हलवली. खुळखुळ. मिस्त्रीनं नळी गोणपाटावर आपटली तसा आधी एक काळपट, चिकट गोळा बाहेर आला, मेणाचा. त्याला लाल कापडाच्या चिंध्या चिकटल्या होत्या. मग तांब्याचा पैसा घरंगळला, त्याच्यामागून हळकुंडाचा तुकडा, आणि शेवटी एक सुपारी, आपटून आपटून गुळगुळीत झालेली.

मिस्त्रीनं सुपारी चिमटीत धरून उजेडात बघितली. “या अल्ला! मोटार कू विडा खिलाए क्या जी?”

आता सगळं उलगडलं. कुणीतरी ही पुरचुंडी मेणात बसवून नळीत ठेवली होती. थंडीत मेण घट्ट होतं तोवर ती जागची हलली नाही. उन्हाळा आला, पुढून ऊन आणि मागून रेडिएटरची धग लागून मेण पातळ झालं, कापड घासून फाटलं आणि आतलं सुटं झालं. रात्री मेण परत धरायचं, म्हणून सकाळी आवाज नाही. दुपारी वितळायचं, की सुरू. मिस्त्रीची प्रत्येक दुरुस्ती सकाळपुरती का टिकायची तेही कळलं. मिस्त्रीला याचा फार आनंद झाला. “मेरा काम बराबर था,” असं तो पुनःपुन्हा म्हणत होता.

भाऊ मात्र जमिनीवर बसला होता. डोईचा रुमाल काढून त्यानं मांडीवर घेतला होता.

“म्हंजी म्या ठोकली न्हाय,” तो म्हणाला. आम्हाला नव्हे, स्वतःलाच.

ते सगळं कागदात बांधून आम्ही शुक्रवार पेठेत मालकांच्या घरी गेलो. मालक गादीवर बसले होते. त्यांची आई, जिला घरातले सगळे अव्वा म्हणत, पलीकडं वाती वळत होती. मी कागद उघडला. मालकांना काही कळायच्या आत अव्वा उठून पुढं आली.

“अय्यो! हे कुणी बाहेर काढलं?”

तिच्याकडूनच सगळं समजलं. दसऱ्याला मोटार घरी आली तेव्हा दिवे बसवायचे राहिले होते. नवं घर बांधताना दाराच्या उंबऱ्याखाली पैसा, सुपारी आणि हळकुंड पुरतात. मोटारीला उंबरा कुठला? अव्वानं विचार केला, पुढं आडवी जाते ती ही नळी, हाच उंबरा. भटजींनाही ते पटलं. भाऊ तेव्हा मालकांच्या नोकरीत आलेलाही नव्हता.

“आणि तूच की रे ठेवलंस तुझ्या हातानं,” अव्वा मुलाला म्हणाली. “मेण मी तापवून दिलं, तू बसवलंस. विसरलास?”

मालक पैशाकडं बघत राहिले. विसरले होते की नाही, देव जाणे. मला वाटतं खरंच विसरले होते. पण आठवल्यावर माणूस काय बोलतो ते मी बघत होतो. ते म्हणाले, “बरं झालं सापडलं ते. अक्षय तृतीयेला पूजा करून परत ठेवू.” मग भावाकडं न बघता, “चालव की मग मोटार. तुला कोण नको म्हणतंय?”

“मालक, स्टँडावर...” भाऊ म्हणाला आणि अडला.

“स्टँडवर काय?”

“काय न्हाय जी.”

घरी येताना मी त्याला म्हटलं, स्टँडवर दहा जणांदेखत बोलले ते दहा जणांदेखत मागं घ्या, एवढं तरी म्हणायचं. तो म्हणाला, “चाक ऱ्हायलं की. बास झालं.” पण बास झालेलं नव्हतं. चहाच्या दुकानापुढून जाताना तो अजूनही खाली मान घालून जात होता.

अक्षय तृतीयेला स्टँडवर पूजा झाली. अव्वा टांग्यात बसून बघत होती. नवी पुरचुंडी मालकांनीच नळीत ठेवली. माझ्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंनी कापूस ठासून भरला होता, म्हणजे मेण वितळलं तरी आत काही हलायला नको. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. दुसऱ्या मोटारींचे ड्रायव्हर जमले होतेच. मालक खुशीत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आमच्या बी. ए.नं दोष काढला बरं का शोधून! नळीचा बोल्ट ढिला झाला होता. शिकलेल्या माणसाचा हा उपयोग.”

भांडीवाल्याची वरात म्हणणारा तो ड्रायव्हर लगेच बोलला, “म्हंजी ठोकलेलीच हुती म्हना की!”

मालक नुसते हसले. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, “जाऊ दे. झालं गेलं. आम्ही माफ केलं त्याला.”

भाऊ पुढच्या चाकाला हवा आहे का बघत वाकला होता. तो उठलाच नाही, तसाच वाकून राहिला.

मी म्हणालो, “बोल्ट ढिला नव्हता. नळीत सुपारी होती, आणि पैसा. दसऱ्याला मालकांनी स्वतःच्या हातानं ठेवली होती. उन्हानं मेण वितळून ती वाजत होती. माझ्या भावानं मोटार कुठंही ठोकलेली नाही. माफ करायला काही नव्हतं.”

मग एक हमाल फिसकन हसला, आणि सगळा स्टँड हसायला लागला. कुणी म्हणालं, “मोटारीनं सुपारी फोडली रं!” कुणी म्हणालं, “चुना कुटाय, चुना आना!” आणि त्या हसण्यात तोच ड्रायव्हर भावाजवळ गेला आणि म्हणाला, “आरं मग अंगावर का घेतलंस लेका इतकं दीस?” भाऊ तेव्हा सरळ उभा राहिला.

मालकांचा चेहरा तांबडा झाला होता. ते माझ्याशी अगदी हळू बोलले. “पिशवी इथं ठेव. तू फार शिकलायस. आम्हाला एवढं शिकलेलं माणूस नको.”

मी तिकिटांची पिशवी खांद्यावरून काढून मोटारीच्या पायरीवर ठेवली. भावालाही ते काढतील असं मला वाटलं होतं. त्यांचं तोंड उघडलंही होतं, पण टांग्यातून अव्वानं हाक मारली, “मुहूर्त टळतोय की रे! जाऊ दे ना मोटार!” आणि बसलेले उतारू, तोंडात खोबरं असलेले ड्रायव्हर, सगळे बघत होते. मालक वळले आणि टांग्याकडं चालू लागले.

भाऊ माझ्याजवळ आला. मला वाटलं काहीतरी बरं बोलेल.

“तुला कुनी पंच केलं हुतं?” तो दातओठ खात म्हणाला. “सुखाची नोकरी घालवलीस. घरी काय सांगू म्या? आईला काय सांगू?”

“सांग, बोललो म्हणून.”

“लई बोलतूस तू.” त्यानं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. चाकामागं बसून तो पुढं बघत राहिला, मग माझ्याकडं न वळता म्हणाला, “बस की आता. हुबा ऱ्हाऊन काय करनार हाईस? बार्शीला शाळंत मास्तर लागत्यात म्हनं. इचारून तर बघ.”

मी पुढच्या बाकावर बसलो. त्या मोटारीत उतारू म्हणून मी पहिल्यांदाच बसत होतो. तिकीट कुणी फाडलं नाही. मला शाळेची आशा वाटत नव्हती, आणि भीतीही वाटत नव्हती. नुसता शीण आला होता, किती दिवसांचा कुणास ठाऊक. ऊन चढलं. वैराग मागं पडलं असावं. भाऊ कुणा उतारूशी बोलत होता, आवाज चढवून, मध्येच हसत, पूर्वीसारखा. काय बोलत होता ते मी ऐकलं नाही. मला झोप लागली होती.